साडूंचा मागचा बंपर

पुढचं बघून जगणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत, पण उभा जन्म मागचं बघण्यात घालवलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. साडू काही निवडून घेता येत नाही. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान त्या घरात आधीच रुळलेले होते, आणि मी चहाचा कप हातात घेतला तेव्हा ते येऊन माझ्या पाठीमागे उभे राहिले होते. माझी मान, शर्टाची कॉलर आणि दाराशी काढलेल्या चपलांच्या झिजलेल्या टाचा एवढंच बघून त्यांनी आत जाऊन सासऱ्यांना होकार कळवला, हे मला लग्नानंतर कळलं. मी समोरून कसा दिसतो याची त्यांनी चौकशीही केली नव्हती. करायला हवी होती, असं माझी बायको अजून म्हणते.

रावेरला त्यांचं घर आणि केळीचा मळा आहे. नोकरीची तीस वर्षं मात्र त्यांनी दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर म्हणून काढली. ते पेपर शेवटच्या पानापासून वाचतात, एसटीत शेवटच्या बाकावर बसतात आणि लग्नाला गेले की मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या चुलाणापाशी खुर्ची टाकतात. पंगतीत काय कमी पडणार हे यजमानाच्या आधी त्यांना ठाऊक असतं. एकदा फ्रिज घ्यायला ते जळगावला माझ्याकडे आले होते. दुकानदार बिचारा दार उघडून आतले कप्पे दाखवत होता आणि साडू फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या वीतभर जागेत शिरून मागची जाळी तपासत होते. अर्ध्या तासानं बाहेर आले ते खांद्यावर कोळिष्टकं घेऊन, आणि हाच द्या म्हणाले. घरी नेल्यावर कळलं की फ्रिजचा रंग मेहुणीनं सांगितला होता त्याच्या नेमका उलटा होता. रंग पुढून असतो, असं त्यांचं त्यावर उत्तर.

चूक कबूल करणं हा प्रकार त्यांच्याकडे नाही. घर बांधताना माजघराची खिडकी त्यांनी स्वतः बसवली आणि ती बाहेर उघडायच्या ऐवजी आत उघडू लागली. अकरा वर्षं झाली, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की वारा घरात घ्यायचा असेल तर खिडकी आतच उघडायला हवी. दीपनगरला आपण जोडलेला एकही सांधा कधी कापावा लागला नाही, याचा त्यांना फार अभिमान. "माह्या सांध्यावर आजलोक कोनी गॅसकटर ठेवलं नाही, पाव्हणे," असं ते मला वर्षातून चारदा तरी ऐकवतात.

त्यांच्याकडे एक जुनी जीप आहे, चारही चाकांना ताकद देणारी. सातपुड्याच्या नाल्याखोऱ्यांतून जायला म्हणून घेतलेली, पण तिनं ओलांडलेला सगळ्यात अवघड मुलूख म्हणजे त्यांच्याच मळ्याचा बांध. दोन वर्षांपूर्वी चैत्रात, बाजारात उभ्या असलेल्या या जीपला केळीचे घड भरलेल्या एका ट्रॉलीनं मागून हलकंसं टेकवलं आणि मागचा पत्र्याचा बंपर गळून रस्त्यावर पडला. दुसरा माणूस भांडला असता. साडूंनी तो बंपर काखेत मारला आणि हसत हसत घरी आणला. आयुष्यभर ते जे सांगत आले होते ते भर बाजारात खरं ठरलं होतं. त्यांनी मला फोन केला. "पुढचं तं दिसते, पाव्हणे. मांगून कोन येईन ते कोनाले माहीत?" एवढं बोलून, रविवारी या, असा हुकूम सोडला.

रविवारी मी पोचलो तेव्हा रावेरच्या उन्हात कावळेसुद्धा सावली धरून बसले होते आणि साडू ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वेल्डरच्या शेडमध्ये जीपच्या मागे उकिडवे बसले होते. नवा बंपर कसा असावा याचं चित्र त्यांनी जमिनीवर खडूनं काढलं होतं. ते बंपरपेक्षा पुलासारखं जास्त दिसत होतं. त्याला ट्रॅक्टर ओढता येईल असा हूक हवा होता, जॅक लावायला दोन जागा, पाण्याच्या कॅनसाठी कडं, दिव्यांच्या रक्षणासाठी जाड पाइपची उंच कमान, आणि खाली एक रुंद पायरी. हे सगळं जंगलात लागतं, असं ते आल्या-गेल्याला सांगत होते. वेल्डर अबोल माणूस. आधी मागचं दार उघडून बघू या, एवढंच तो हळूच म्हणाला. त्यावर साडूंनी त्याला दीपनगरच्या बॉयलरची एक गोष्ट सांगितली, ती चाळीस मिनिटं चालली, आणि दाराचा विषय तिथंच राहिला.

मग त्यांनी मला जीपच्या मागे उभं केलं आणि पाय उचलायला सांगितला. मी उचलला. गुडघा वाकवू नका, म्हणाले. आता गुडघा न वाकवता पाय वर उचलून बघा म्हणजे माझी काय अवस्था झाली ते कळेल. मी वेल्डरच्या खांद्याला धरून करकोच्यासारखा डगमगत होतो आणि साडू माझ्या टाचेखाली वीत लावून माप घेत होते. माझा पाय वीतभर वर गेला. त्यांनी मान हलवली, अर्धीच वीत धरा म्हणाले, आणि खडूची रेघ खाली ओढली. जंगलात ताठ पायानं कोण चढतं हे मी विचारलं, पण त्यांना ऐकू आलं नाही.

उत्तर जेवताना मेहुणीकडून मिळालं. साडूंची थोरली बहीण, अक्का, धरणगावला दिलेली. आई लवकर गेल्यामुळे साडूंना तिनंच कडेवर वाढवलं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि अक्का सत्तरीला आली तरी तिची एकही आखाजी चुकली नव्हती. पुढे तिचे गुडघे आखडले. साध्या मोटारीत पाय दुमडून बसणं जमेना. जीपच्या मागच्या बाकावर पाय लांब करून बसता आलं असतं, पण चढणार कशी? आदल्या वर्षी दोघा पुतण्यांनी तिला उचलून जीपमध्ये ठेवायचा घाट घातला. लुगडं कड्याला अडकलं, सगळी गल्ली बघायला जमली, आणि अक्का तशीच घरात परत गेली. "मी काय केळीना घड शे का, मांगेतून चढावाले?" असं म्हणाली म्हणे, आणि आता माहेर पुरे झालं, असंही. ती आखाजी साडूंनी मळ्यात एकट्यानं बसून काढली. रिकामा झोका लिंबाला महिनाभर तसाच होता, मेहुणीनं सोडायला घेतला तर ओरडले. हे ऐकल्यावर मी जेवण झाल्या झाल्या शेडमध्ये गेलो आणि न सांगता पुन्हा पाय उचलला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी बंपर बसला. खरं सांगायचं तर बंपरला जीप बसली होती. मागे एवढं वजन झालं की जीपचं नाक वर गेलं आणि पुढचे दिवे लावून पाहिले तर उजेड समोरच्या भिंतीवर न पडता तिच्या मागच्या लिंबाच्या शेंड्यावर पडला. साडूंना त्यात काही वावगं दिसलं नाही. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, शेजारच्यांना पेढे वाटले. मग मेहुणी अक्कासाठी शिवलेली मऊ गादी घेऊन आली आणि ती बाकावर टाकायला तिनं जीपचं मागचं दार ओढलं. दार चार बोटं उघडलं आणि कमानीला टेकून थांबलं. तिनं पुन्हा ओढलं. दार पुन्हा चार बोटांवर थांबलं.

शेडमध्ये कुणी कुणाकडे बघेना. वेल्डर आपल्या चष्म्याची काच पुसू लागला, मी पेढ्याच्या कागदाची घडी घालू लागलो. सगळ्यांना ती आत उघडणारी खिडकी आठवत होती. साडू आता काय सांगणार, की जंगलात मागचं दार बंदच ठेवायचं असतं? एका शेजाऱ्यानं सुचवलं की म्हातारीशी यंदा फोनवरच बोला. साडू बंपरमागे उकिडवे बसले, कमानीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. तो सांधा वेल्डरनं नव्हे, त्यांनी स्वतः जोडला होता, दोन दिवस खपून. मग खडू मागितला, स्वतःच्या हातानं सांध्यावर रेघ ओढली आणि म्हणाले, "काप."

पूर्ण कमान का, असं वेल्डरनं विचारलं. पूर्ण, म्हणाले. गॅसकटर पेटला तेव्हा ते उठून जीपच्या पुढच्या बाजूला गेले आणि तिथंच उभे राहिले. या माणसाला जीपच्या पुढे उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धरणगावला पोचलो. गल्लीच्या तोंडापासून अक्काच्या दारापर्यंत साडूंनी जीप रिव्हर्समध्ये नेली आणि वाटेत एक रांजण फोडला. अक्का ओट्यावर उभी होती. तिनं बंपर पाहिला, कापलेल्या कमानीचे दोन काळे डाग पाहिले, पायरी पाहिली, आणि काही न विचारता खाली आली. साडूंनी कोपराला हात दिला. अक्कानं ताठ पाय उचलला आणि तो बरोबर पायरीवर पडला. कुणी उचललं नाही, लुगडं अडकलं नाही. आत गादीवर पाय लांब करून बसल्यावर ती म्हणाली, "मना भाऊ येडा शे." दुपारी मळ्यातल्या लिंबाच्या झोक्यावर ती ताठ पायांनी बसली होती आणि साडू मागून झोका देत होते. मला सख्खी बहीण नाही. त्या दिवशी मला साडूंचा हेवा वाटला, हे मी इथं लिहून टाकतो.

पुढच्या हिवाळ्यात अक्काच्या दोन्ही गुडघ्यांचं जळगावला ऑपरेशन झालं. साडू आठ दिवस दवाखान्याच्या मागच्या दाराशी बसून होते. आता अक्का जिने चढते, खाली बसून भाजी निवडते. तिच्या मुलानं थंड हवेची नवी मोटार घेतली आहे. यंदा आखाजीला आम्ही गेलो तेव्हा ती मोटार पुढचं दार उघडून अक्कासाठी तयार होती, आणि तेवढ्यात गल्लीतून जीप उलटी उलटी येऊन दाराशी लागली. अक्कानं मुलाला हातानं थांब म्हटलं. माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाली, "मना पाय आते बरा शेतस. पन त्याले काही सांगू नका."

त्याला म्हणजे साडूंना, ज्यांनी तिला दवाखान्यातून चालवत बाहेर आणलं होतं. ते बंपरशेजारी उभे होते. पायरीचा रंग मधोमध उडाला आहे, तेवढा सोडून बाकी बंपर त्यांनी नव्यानं रंगवला होता. त्यांनी अक्काच्या कोपराला हात दिला आणि नेहमीसारखं म्हणाले, "सावकाश, अक्का. गुडघा वाकवू नको." डॉक्टरांनी नवा बसवून दिलेला, छान वाकणारा तो गुडघा अक्कानं अजिबात वाकवला नाही.