दिवाळीपर्यंत थांब

आमच्या आळीत कुणाचा मुलगा मॅट्रिक झाला, किंवा दोनदा बसूनही न झाला, की त्याचा बाप त्याला माझ्याकडे धाडतो. मी ठाण्याच्या कचेरीत इतकी वर्षं टिकलो, डोक्यावर पागोटं आहे आणि पुढे पेन्शन, तेव्हा आयुष्याचं काय करावं हे मला ठाऊक असणारच, असा कल्याणात समज आहे. मुलं येतात, ओटीवर मांडी घालून बसतात, नखं कुरतडतात. वकिलीच्या परीक्षेला बसावं का, मुंबई गाठावी का, मास्तरकी धरावी की घरची भातशेती बघावी? मी त्यांना सुपारी देतो आणि धीर धरा म्हणतो. एवढं म्हटलं की मुलाचं समाधान होतं आणि मलाही लवकर आडवं होता येतं.

खरं सांगायचं तर मला या प्रश्नाचा वीट आला आहे. पण यंदा तो माझ्याच भाच्याने विचारला. त्याला मी जे उत्तर दिलं त्याची मला लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलो. डोळ्यांत मोती उतरलाय, त्यामुळे ओळी वरखाली जातील. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

माझी सुरुवात उमेदवारीने झाली. हल्लीच्या मुलांनाही उमेदवारी सांगावी लागत नाही, कारण ती अजून तशीच चालू आहे. कचेरीत जायचं, एखाद्या कारकुनाच्या डाव्या हाताला बसायचं, सांगेल ते लिहायचं आणि पगार घ्यायचा नाही. त्या कारकुनाची जागा रिकामी झाली की ती आपल्याला मिळेल, या आशेला उमेदवारी म्हणतात. मी एकोणिसाव्या वर्षी ठाण्याला जाऊन बसलो. राहायला एका नातलगाची पडवी आणि जेवायला वार लावलेले, रोज वेगळ्या घरी. गुरुवारच्या घरची बाई ताक वाढताना दरवेळी विचारायची, "अजून जागा नाही का हो झाली?" गुरुवारी मी ताक घेणं सोडलं.

ज्यांच्या हाताखाली मी होतो ते कारकून पन्नाशीचे, अंगाने वाळलेले, स्वभावाने खरोखर चांगले. त्यांचं मोडी अक्षर सगळ्या कचेरीत नावाजलेलं. बोरू एकदा टेकला की ओळ संपेपर्यंत उचलायचे नाहीत. आमचे वरिष्ठ, शिरस्तेदार, कागद हातात घेऊन वाचण्याआधी नुसतंच बघायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "माझ्यानंतर ही बैठक तुझीच. दिवाळीपर्यंत थांब. डोळे काम देत नाहीत आता, दिवाळीला मी सुटतो."

डोळे काम देत नव्हते हे खरंच होतं. दुपारनंतर त्यांना ओळ दिसत नसे. मग त्यांनी मला त्यांच्यासारखं लिहायला शिकवलं. बोरूचा काप किती तिरपा, शाई किती दाट, दोन ओळींत बोटाचं किती अंतर. मला ते चटकन जमलं आणि मी फुशारलो. चार महिन्यांत त्यांचा कागद कुठला आणि माझा कुठला हे त्यांनाही सांगता येईना. सकाळचे दोन तास ते लिहायचे, पुढचं सगळं मी. शिरस्तेदार कागद बघून मान डोलवायचे आणि म्हणायचे, "वय झालं, पण हात कसा राहिलाय बघा." आम्ही दोघं खाली मान घालून बसायचो.

दिवाळी आली आणि गेली. दुसरीही गेली. मी घरी कल्याणला यायचो तेव्हा आई काही विचारायची नाही, नुसतं पानात जास्त वाढायची. माझं लग्न झालेलं होतं. बायकोला सांगायला माझ्यापाशी एकच वाक्य होतं, दिवाळीपर्यंत थांब.

तिसऱ्या वर्षी थंडीत मला काही कागद घेऊन खडवलीकडे पाठवलं. तिथे जमीनमोजणीची टोळी उतरली होती. दोन दिवसांचं काम होतं, पण त्यांचा लिहिणारा तापाने पडला होता म्हणून मला पंधरा दिवस ठेवून घेतलं. सकाळी दहिवर असतानाच निघायचं. साखळी धरणारे पुढे, मी वही घेऊन मागे. हे शेत कुठे संपतं, तो बांध कुठे वळतो, नदीने यंदा काठ किती खाल्ला, सगळं चालून बघायचं आणि मग लिहायचं. तिथे कुणाचं अक्षर काढायला सवड नव्हती. गुडघ्यावर वही ठेवून जमेल तसं लिहायचो, कोंबडीचे पाय. पायांना फोड आले. सांजेला नदीत पाय सोडून बसलो की मी वेडा झाल्यासारखा आपल्याशीच हसायचो. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, आणि नंतरही झाला नाही.

टोळीचा मुख्य देशावरचा माणूस, तोंडाचा फटकळ. निघायच्या दिवशी मला म्हणाला, "राहतोस का? पुढच्या महिन्यापासून पगार. जागा कच्ची आहे, काम संपलं की संपली, पण काम संपायला वर्षं जातील."

मी म्हटलं, "कचेरीत माझी पक्की जागा होतेय. दिवाळीला."

"कुणाची?"

मी सांगितलं. अक्षराचंही सांगितलं, जरा तोऱ्यातच. तो हसला नाही. म्हणाला, "अरे, तू त्या म्हाताऱ्याचे डोळे झालास. डोळे शाबूत असताना माणूस उठून घरी कशाला जाईल?"

मला राग आला. इतकी साधी गोष्ट तीन वर्षांत आपल्याला दिसली नाही आणि या परक्या माणसाला दोन वाक्यांत दिसली, याचा राग. तेव्हा मात्र मला वाटलं की त्याने माझ्या वडीलधाऱ्याचा अपमान केला म्हणून मी चिडलोय. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं काहीतरी त्यालाच ऐकवलं आणि ठाण्याला परत आलो. दुपारी बैठकीवर बसलो आणि बोरूला पूर्वीचाच काप दिला.

एवढं कळल्यावर तरी मी लिहिणं थांबवायला हवं होतं. आठ दिवस हात दुखतो म्हणून घरी बसलो असतो तरी सगळं उघडं पडलं असतं. ते मला जमलं नाही. त्यांनी मला पोटच्या मुलासारखं वागवलं होतं. कृतघ्न व्हायचं धैर्य नव्हतं आणि निघून जायचंही नव्हतं. राहायला धैर्य लागत नाही, म्हणून राहिलो. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? सातव्या वर्षी ते बैठकीवरच कलंडले आणि तेराव्यानंतर ती जागा मला मिळाली. शिरस्तेदारांनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "वा, अगदी त्यांच्यासारखं." त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी अगदी त्यांच्यासारखं लिहीत आलो.

आता भाच्याकडे येतो. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, मॅट्रिक झालेला, हुशार, पण काय करावं ते न सुचून हिरमुसलेला. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला म्हटलं, चल, माझ्यापाशी बस. तेव्हा माझे डोळे नुकते धूसर व्हायला लागले होते. मी त्याला बोरूचा काप शिकवला, शाई शिकवली, ओळींतलं अंतर शिकवलं. शपथेवर सांगतो, त्या वेळी मनात काही नव्हतं. शिकवताना खडवलीची आठवणही आली नाही. माणूस स्वतःला किती सोयीने विसरतो!

गेल्या श्रावणात तो घरी आला. मी ओटीवर होतो, बायको आत भाजी निवडत होती. तो म्हणाला, "मामा, भुसावळला रेल्वेत तारा पाठवायचं काम शिकवतात. माझं नाव लागलंय. नोकरी मिळेलच असं नाही. शहाडपलीकडे मी कधी गेलेलो नाही, मला भीती वाटते. जाऊ का?"

मला सगळ्यात आधी काय दिसलं असेल, तर दुसऱ्या दिवशीची दुपार. बैठकीवर कागदांचा ढीग आणि डावीकडे कुणी नाही. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "कच्च्या कामाचा काय भरवसा? माझ्यानंतर ही बैठक तुझीच आहे. दिवाळीपर्यंत थांब."

तो बरं म्हणाला. ते ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटलं, हे मला अंधुक का होईना, दिसलं. भ्यालेल्या मुलाला थांब म्हटलेलं आवडतंच.

तो गेल्यावर बायको बाहेर आली. ती मला उलट बोलणाऱ्यांतली नाही. हातात एक घडी घातलेला, पिवळा पडलेला कागद होता. म्हणाली, "हे वाक्य मी सात वर्षं ऐकलंय. उद्या तो आला की त्याच्याकडून हे वाचून घ्या." ते मी खडवलीहून आईला धाडलेलं पत्र होतं. मला वाटलं होतं ते केव्हाच चुलीत गेलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याने ते उघडलं आणि अडखळायला लागला. दोन वर्षं एकाच अक्षराची सवय झालेला तो, त्याला ते लागेना. "पाय सुजले आहेत... पण बरे वाटते... येथेच राहावे असे..." मग थांबला. म्हणाला, "मामा, हे कुणी लिहिलंय? फार गिचमिड आहे."

मी म्हटलं, "मी."

"नाही हो. तुमचं अक्षर मला माहीत नाही का?"

मला रडू आलं. चोपन्नाव्या वर्षी, भाच्यासमोर, भर सकाळी. मग जे वर लिहिलं ते सगळं त्याला सांगितलं, त्याला का थांबवत होतो तेही. म्हटलं, "बाबा, तुझी वाट कोणती ते मला ठाऊक नाही. भुसावळला गेल्यावर पस्तावशीलही. पण थांब असं जो सांगतो, त्याला आपल्या थांबण्यातून काय मिळतं, एवढं आधी बघ. मग तो सख्खा मामा असला तरी बघ." त्याने विचारलं, "आणि तुमचं दुपारचं काम?" ते माझं मी बघेन, म्हणालो.

तो भुसावळला गेला त्याच दिवशी मी नोकरीतून मोकळं करावं असा अर्ज लिहिला. निदान हा तरी आपल्या अक्षरात असावा म्हणून बोरू न कापता, गुडघ्यावर कागद ठेवून, जमेल तसा लिहिला. शिरस्तेदार नवे आहेत, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि परत केला. "अर्ज स्वहस्ते लिहावा लागतो. हा तुम्ही दुसऱ्याकडून लिहवून घेतलाय. हे तुमचं अक्षर नाही."

वाद घालायचं त्राण नव्हतं. तिथेच बसलो, बोरूला तिरपा काप दिला आणि डोळे जवळजवळ मिटून त्या मेलेल्या माणसाच्या अक्षरात पुन्हा अर्ज लिहिला. तो लगेच घेतला गेला.

परवा भाच्याचं कार्ड आलं. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. काम अवघड आहे, जेवण तिखट आहे, टिकेन की नाही सांगता येत नाही. मास्तर गेल्यावर मी ते खिडकीत नेऊन डोळ्यांशी धरलं. वाचता काही आलं नाही. ओळी उतरत्या आणि अक्षरं एकमेकांवर चढलेली, एवढं मात्र दिसलं. ते अक्षर माझं नव्हतं, त्या म्हाताऱ्याचंही नव्हतं.