मास्तरांच्या अंगणात सांगितलेली खबर

माझी नातवंडं त्यांच्या मित्रांना सांगतात की आमच्या आजोबांचा खरेपणा पाहून पणजोबांनी त्यांना मुलगी दिली. ही गोष्ट मी घरात पसरू दिली. कुणी सांगायला लागलं की मी खिडकीबाहेर बघत बसायचो, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. बायको असेपर्यंत हे लिहायला हात धजला नाही. आता ती नाही, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तोही नाही. त्याची मुलं बिलोलीला असतात. त्यांनी हे वाचावं एवढीच इच्छा आहे.

निजामाचं राज्य होतं तेव्हा नांदेडात एक मास्तर व्यापारी शिक्षणाचा वर्ग चालवायचे. शाळा म्हणावी असं तिथं काही नव्हतं. एक पत्र्याची खोली, समोर अंगण, अंगणात कडुनिंब. मोडीतला हिशेब, इंग्रजी टपाल, टंकलेखन आणि दफ्तरात द्यायच्या उर्दू अर्जाचा मसुदा, एवढं सगळं ते एकटे शिकवायचे. आमच्या तुकडीत मोजकीच पोरं होती. शिकून झाल्यावर जो तो पांगला. एक कापसाच्या जिनात कारकून झाला, एक हैदराबादेला गेला, एकानं बापाचं दुकान धरलं. मी आणि माझा दोस्त लातूरला गेलो, अडतीच्या शेजारशेजारच्या दुकानांत.

दसऱ्याला मात्र सगळे मास्तरांकडे जमायचे. आपट्याची पानं द्यायची, पाया पडायचं आणि मग चटईवर बसून वर्षाची खबर सांगायची. यात मास्तरांचा एक नियम होता. आपली खबर आपण सांगायची नाही, सोबत्यानं सांगायची. सोबती बोलत असताना आपण मान खाली घालून ऐकायचं, मध्ये तोंड उघडायचं नाही. मास्तर म्हणायचे, "स्वतःच्या तोंडानं माणूस एक तर फुगवतो, न्हाई तर लपवतो. पेठेत तुमची किंमत दुसराच करतो. तीच इथं ऐकू द्या."

त्या दुपारी आता कुठल्या वर्षाच्या होत्या ते मला वेगवेगळं सांगता येत नाही. सगळ्या मिळून एकच दुपार झाली आहे. कडुनिंबाची सावली हलते आहे, लांब गुरुद्वाऱ्याकडून नगारा ऐकू येतो आहे, आणि कुणीतरी दुसऱ्याचं आयुष्य सांगतो आहे.

"ह्याला मुलगी झाली, मास्तर. जिनाच्या मालकानं पगार वाढवला."

"आन् पोट?" मागून कुणीतरी विचारतो.

"पोट बी वाढवलं. ते मालकानं न्हाई, बायकोनं."

ज्याचं पोट तो खाली मान घालून हसतो आहे, कारण बोलायची परवानगी नाही. आणि दाराच्या आत मास्तरांची मुलगी उभी आहे. पानसुपारीचं तबक तेवढं बाहेर येतं. तिनं आम्हाला असंच ओळखलं होतं, एकाला दुसऱ्याच्या तोंडून.

आमच्या तुकडीत मी आणि दोस्त असे दोघंच मास्तरांच्या जातीतले होतो. दोघंही बिनलग्नाचे. त्याचं मुखेडच्या एका घरी बोलणं चालू आहे, हे एका दसऱ्याला मीच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी दसऱ्यासाठी लातूरहून आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीनं निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती. धूळ इतकी उडत होती की पुढचा रस्ता दिसतच नव्हता, जणू गाडी ढगातून चालली होती. अहमदपूर मागे पडल्यावर तो बोलला.

"मुखेडचं मोडलं."

"कधी?"

"झाले की काही महिने. मीच मोडलं. घरचे लई बोलले." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर यंदा आपल्या पोरीचं बघून राहिलेत. तू माझी खबर सांगताना एवढंच सांग, हा मोकळा हाय म्हणून. पुढचं मास्तर समजतील."

"तूच जाऊन विचार की."

"हात्, मी कसा विचारू? मला शरम वाटते. तू हायस ना."

"हाव, सांगतो," मी म्हणालो. माझ्याही मनात तीच होती, हे मी त्याला कधी बोललो नव्हतो. बोलण्यासारखं काही नव्हतंच. एक तबक, एक हात, हिरव्या बांगड्या. पण लातूरच्या बाजारात करडईची पोती मोजता मोजता मी त्या हाताशी किती गोष्टी बोललो होतो ते माझं मला माहीत.

अंगणात आधी त्यानं माझी खबर सांगितली. पेठेत माझा शब्द चालतो, मालक दुकान माझ्यावर सोडून गावाला जातो, मी आईला नेमानं पैसे पाठवतो. असं तो सांगत गेला. मी मान खाली घातली होती. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि मला स्वतःला ती इतकी चांगली सांगता आली नसती.

मग माझी पाळी आली. मी त्याच्या कामाचं सांगितलं. मालक त्याला मुनीम करणार होता, तेही सांगितलं. मास्तरांनी विचारलं, "आन् घरचं?"

मी म्हणालो, "मुखेडचं चालू आहे. यंदा उरकेल बहुतेक."

माझ्या तोंडून ते चुकून निसटलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. निसटलं असेलही. पण त्यानंतर मास्तरांनी पान लावलं, त्यावर चुना फिरवला, सुपारी कातरली. तेवढ्या वेळात मला शब्द परत घेता आला असता. तो मान खाली घालून बसला होता. नियम असा होता की तो बोलू शकत नव्हता, आणि त्याचं गप्प बसणं सगळ्यांना लाजणं वाटलं. एकानं त्याच्या पाठीवर थापही मारली.

संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर त्यानं मला विचारलं, "इसरलास?"

"विसरलो," मी म्हणालो.

"असू दे." तो पाण्यात पाय सोडून बसला होता. नदी अगदी संथ होती.

दिवाळीनंतर मास्तरांचा निरोप माझ्या घरी आला. माझ्या लग्नात वाढपी कमी पडले तेव्हा तो पंगतीत वाढत होता. पुढं तो लातूर सोडून बिलोलीला गेला, त्याचं लग्न झालं, मुलं झाली, दुकान चांगलं चाललं. राज्य गेलं, मास्तर गेले, दसऱ्याचं जमणं थांबलं. त्याच्याकडून वाईट शब्द कधी आला नाही.

म्हातारपणी एका दुपारी बायको तुरीची डाळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, हात मात्र थांबला नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी दाराआड उभी होते. तुम्ही मुखेड म्हणालात आणि त्यानं एकदम मान वर केली. नियम असून. मी म्हटलं, आता हा बोलेल."

"मग?"

"बोलला नाही. परत खाली घातली." तिनं एक खडा बाजूला टाकला. "तो बोलला असता तर मी बाबांना सांगणार होते. तुमच्या घरी नको, त्याच्या घरी द्या म्हणून. तो बोलला नाही, मग मीही नाही बोलले."

इतकी वर्षं ह्या बाईनं माझा संसार केला, हे सगळं मनात ठेवून. ती रागावलेली दिसत नव्हती. पण मला सोडवतही नव्हती.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "त्याला सांगा. बिलोली काय लांब आहे?"

लांब नव्हतीच. नांदेडहून रोज एसटी जात होती. मी म्हणालो, दिवाळी होऊ दे. मग म्हणालो, थंडी ओसरू दे. ती दर वेळी फक्त माझ्याकडे बघायची. मग एक दिवस त्याच्या थोरल्या मुलाचा निरोप आला, वडील गेले म्हणून.

आम्ही दोघं बिलोलीला गेलो. ती आत त्याच्या बायकोजवळ बराच वेळ बसली होती. त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही. बाहेर ओसरीवर त्याची मुलं मला चहा देत होती, काका म्हणत होती, आणि मी पीकपाण्याचं विचारत होतो. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. नायगावपर्यंत ती बाहेरचं रान बघत होती, आणि तिनं आत ते सांगितलं का, हे विचारायचंही मी टाळलं.