मिठाच्या बर्फातले दोन डबे

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोन इलेक्ट्रॉनिक डबे मासळीच्या बर्फात पुरले. कुणाला हसू येईल. येऊ दे. ती पण हसत होती.

सकाळचे नऊ वाजले असतील. रेवदंड्याच्या बंदरावरचा लिलाव उरकून ती घरी न जाता थेट माझ्या गॅरेजात आली. डोक्यावरून थर्माकोलचा खोका उतरवला. आत मासळी नव्हती, नुसता बर्फाचा चुरा.

"सरका मिस्त्री. ते डबे आना इकडं."

एरवी ती मला 'अवो' म्हणायची. मिस्त्री म्हणाली की समजायचं, आज आपलं काहीतरी चुकलंय आणि ते तिला कळलंय. पन्नास वर्षांत किती वेळा मिस्त्री झालो ते विचारू नका.

डबे कसले ते आधी सांगतो. गॅरेजच्या मधोमध बर्फावरची स्कूटर उभी होती. तिला चाकं नसतात. पुढं वळवायला दोन फळ्या आणि पोटाखाली रबराचा रुंद पट्टा, तो बर्फ मागं ढकलतो आणि गाडी पळते. आम्ही दोघांनी जन्मात बर्फ बघितला तो कारखान्यातल्या लाद्यांचा. पण इंजिन ते इंजिन. माझी चौथीच झाली, बाकीचं सगळं मी होड्यांच्या इंजिनांजवळ शिकलो. त्यात ही टू स्ट्रोक, म्हणजे माझ्या ओळखीतलीच.

गाडी एका साहेबांची. मुंबईचे, पण वाडीत बंगला आहे. त्यांच्या बोटीचं इंजिन मीच बघतो, म्हणून ही पण माझ्याकडं दिली. दर थंडीत ते गाडी टेम्पोत घालून वर उत्तरेत डोंगरात नेतात. जोर वाढावा म्हणून त्यांनी तिचा सायलेन्सर आणि फिल्टर बदलला होता. त्यानं झालं काय, इंजिन हवा जास्त ओढायला लागलं आणि पेट्रोल तेवढंच राहिलं. हवा जास्त, पेट्रोल कमी, की इंजिन आतून भाजतं. गेल्या थंडीत भर उतारावर पिस्टन जाम झाला. साहेब अर्धा दिवस बर्फातून चालत परत आले. डाव्या पायाचं एक बोट कापावं लागलं. आणि या वेळी त्यांची बायको मागं बसून जाणार होती.

ते आमच्या हिनं ऐकलं तेव्हापासून ती माझ्या मागं लागली होती. "त्यांचं तं ते बगतील. पन ती बाई कोनाच्या भरवशावर बसतेय? तुमच्याच ना?"

आता पेट्रोल वाढवायचं कसं? पूर्वी कार्बोरेटर होता, जेट बदलला की काम झालं. आता गाडीचा स्वतःचा कॉम्प्युटर ठरवतो पेट्रोल किती सोडायचं. त्याला फोडता येत नाही. म्हणून त्याच्या आणि इंजेक्टरच्या मध्ये एक डबा बसवतात, फ्युएल कंट्रोलर. कॉम्प्युटरचा हुकूम हा डबा मध्येच ऐकतो आणि इंजेक्टर जरासा जास्त वेळ उघडा ठेवतो. ज्यानं हे शोधलं त्याला माझा नमस्कार. इंजिनाला पत्ता लागत नाही, कॉम्प्युटरलाही लागत नाही.

मी तिला हे सांगायला अर्धा तास घेतला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हंजे सासूनं सांगायचं, दोनच पळ्या वाढ. आनि जावेनं मधी उभं राहून तिसरी हळूच वाढायची."

"तसंच."

"मंग एवढं काय लांबवलंत?"

साहेबांनी तीन डबे बाहेरून मागवून माझ्यापुढं ठेवले होते. म्हणाले, मिस्त्री, तुम्ही ठरवा. पहिल्याला लॅपटॉप लावावा लागायचा. तो मी त्याच दिवशी बाजूला केला. डोंगरात लॅपटॉप उघडून बसणार कोण? दुसऱ्याला छोटा स्क्रीन आणि खाली चार बारीक बटणं. पेट्रोल किती, इंजिनाचे फेरे किती, सगळं आकड्यात दिसतं. तिसरा अगदी साधा. जुन्या रेडिओला असायचे तसे फिरवायचे तीन जाड कान. एक हळू चालवताना, एक मधल्या वेगाला, एक फुल्ल सोडल्यावर. उजवीकडं पिळलं की पेट्रोल जास्त, डावीकडं कमी. बस.

मला स्क्रीनवाला आवडला होता. लपवत नाही. आयुष्यभर प्लगचा रंग बघून अंदाजानं काम केलं, इथं समोर आकडा दिसतो. चौथी शिकलेल्या माणसाला आकड्याचं फार वाटतं. शिवाय कानवाल्याची मला एक खरी भीती होती. गाडी हादरते, हादऱ्यानं कान आपोआप फिरले तर?

पण डबा इथं बसवून भागत नव्हतं. इथं समुद्राची दमट, जड हवा. वर हवा पातळ आणि थंडी भयंकर. मी इथं कितीही जुळवून दिलं तरी साहेबांना वर गेल्यावर स्वतःच्या हातानं थोडं कमीजास्त करावं लागणार होतं. एवढं मी आदल्या रात्री जेवताना तिला बोललो. सकाळी ती बर्फ घेऊन आली.

"टेम्पो उद्या आट वाजता येनार ना? मंग आज बगू, थंडीत कंचा डबा चालतो तो."

मी म्हटलं, "अगं, बर्फात सगळे डबे चालतात. बर्फ काय वीज खातो?"

"तुमी बर्फात किती वर्सं काम केलंय?"

तिनं चाळीस वर्षं केलं होतं. पहाटे बंदरावर बर्फ फोडायचा, मासळी थरात लावायची, बाजारात बसून दिवसभर त्यातून सुरमई काढून दाखवायची, परत ठेवायची. तिच्या बोटांची टोकं पांढरी आणि चिरलेली असायची, बारा महिने. त्याच बोटांनी ती अंधारात पापलेट दाबून सांगायची, कालचा की परवाचा. बाजारात कुणी तिला शिळं विकलं नाही आणि तिनं कुणाला विकलं नाही. हे मी नवरा म्हणून सांगत नाही, बाजारात कुणालाही विचारा.

दोन्ही डब्यांना बॅटरीच्या वायरी जोडल्या. दुधाच्या पिशव्यांत घालून तोंडं बांधली. मी ते बर्फात ठेवणार तर तिनं हात धरला. कमरेची पिशवी सोडली आणि दोन ओंजळी जाडं मीठ बर्फावर टाकलं.

"नुसता बर्फ पानी व्हतो. मीठ टाकलं की चावतो."

खरं होतं. पाच मिनिटांत खोक्याच्या आतून बाहेर गारवा यायला लागला, माझ्या दंडावर काटा आला. तेवढ्यात तिनं गाडीच्या सीटखालचे साहेबांचे काळे जाड हातमोजे शोधून काढले आणि घातले. अंगावर लुगडं, हातात ते अस्वलासारखे पंजे. शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. "काकी, निघालात कुठं?"

"तुज्या सासऱ्याच्या लग्नाला. बाजूला व्हो."

अर्ध्या तासानं पिशव्या काढल्या. स्क्रीनवाल्याचे आकडे फिके पडले होते. बटण दाबलं की जुना आकडा जाईना आणि नवा येईना, दोन्ही एकमेकांवर दिसायचे. मी म्हटलं, जरा उशीर होतोय, पण चालू तर आहे. तिनं मोज्यानं बटण दाबायला बघितलं. एका दाबात दोन बटणं जायची.

"साहेब काढतील मोजा दोन मिनिटं," मी म्हटलं.

"काढतील? मंग घाला तुमचा हात."

मी बर्फात हात घातला.

"शंभर मोजा."

साठाला मी हात बाहेर काढला. पुढं सहन होईना.

"शंभर बोलले व्हते."

"हात माझा आहे."

"व्हय, आनि पायाचं बोट त्या साहेबाचं व्हतं. आता पेट्रोल वाढवा बगू."

मी वाढवायचं बटण दाबलं. म्हणजे मला वाटलं की दाबलं. बोट माझं राहिलंच नव्हतं, कुठं टेकलंय ते कळत नव्हतं. आकडा हळूहळू उमटला. तिला आकडे वाचता यायचे, हिशोबापुरते. ती वाकून बघत राहिली.

"कमी केलंत."

पेट्रोल दोन घरं कमी झालं होतं. पिस्टन जाम व्हायला आणखी काय लागतं? वर डोंगरात असं झालं असतं तर साहेबांना वाटलं असतं, वाढवलं, आणि बायकोला मागं बसवून गाडी सोडली असती.

मग तिनं कानवाला डबा पुढं केला. मी तळहाताच्या कडेनंच कान उजवीकडं ढकलला. फिरला. मोजे घालून ढकलला. फिरला. डोळे मिटून तिनं स्वतः फिरवला आणि सांगितलं, "ह्यो उजवीकडं गेला. मला दिसत न्हाय तरी कळतंय."

मी काय बोलायला हवं होतं? बरोबर आहे तुझं, एवढंच. मी म्हटलं, "हादऱ्यानं कान फिरेल त्याचं काय?"

"त्ये तुमचं काम. समदं मीच करू?"

"उद्या बघू."

"बगा. पन डबा त्योच." खोका उचलला आणि घरी गेली.

एक सांगतो. तिच्यापुढं हरलो की मी लगेच कबूल करायचो नाही. संध्याकाळच्या चहापर्यंत थांबायचो. चहा पिता पिता म्हणायचो, तू म्हणत होतीस ते बघितलं मी, बरं आहे. ती पण तेवढा वेळ मला द्यायची. कधी घाई केली नाही. पन्नास वर्षं असंच चाललं.

दुपारी मांदेलीचं कालवण आणि भात होता. जेवताना मी विषय काढला नाही. तिनं दोनदा माझ्याकडं बघितलं, हसली, आणखी कालवण वाढलं. भांडी घासली आणि चटई टाकून पडली. चार वाजता मी चहाला हाक मारली. नंतर हात लावला. पुढचं लिहीत नाही. डॉक्टर आले, म्हणाले, झोपेतच, हृदय.

मुलगी दिघीला दिली आहे. ती फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरून येईपर्यंत दिवस मावळायला आला होता. तिच्यासाठी थांबलो, मग नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी गॅरेजची चावी घेतली. मुलगी दारात आडवी आली.

"बाबा, सुतक हाय. लोकं काय बोलतील? साहेबाला फोन करा, म्हनावं टेम्पो चार दिसांनी पाटव."

"टेम्पो थांबेल. पण मी चार दिवसांनी उठेन का, ते मला आज माहीत नाही," मी म्हटलं. "मी नाही उठलो तर दुसरा कुणी स्क्रीनवाला बसवील. सगळ्यांना तोच आवडतो. मला पण आवडला होता."

तिला काही कळलं नाही. पण आईवर गेलेली आहे, बाजूला झाली.

कानवाला डबा हॅण्डलच्या खाली बसवला, तळहात सहज पोचेल असा. इंजेक्टरच्या जोडण्या घातल्या, वायर बांधून घेतली. मग हादऱ्याचं. जुन्या ट्यूबचे तीन गोल काप कापले आणि प्रत्येक कानाच्या मुळाशी घट्ट बसवले. आता कान ढकलला तर फिरत होता, ठोकला तरी हलत नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं. कालच सुचायला पाहिजे होतं. तिच्याशी वाद घालायला मला काहीतरी हवं होतं, म्हणून सुचलं नाही.

इंजिन सुरू केलं, तापू दिलं, प्लग काढून बघितला. पांढरट. मधला कान थोडा उजवीकडं. परत बघितला. भाजलेल्या खोबऱ्याचा रंग आला. इथल्या हवेला तो बरोबर.

आठला टेम्पो आला. मागोमाग साहेबांची गाडी, शेजारी त्यांची बायको. साहेबांनी पलीकडं आमच्या घरासमोर जमलेली माणसं बघितली.

"मिस्त्री, काय झालंय?"

"बायको गेली काल. ते नंतर बोलू. आधी मोजे घाला."

ते उभेच राहिले. मी मोजे त्यांच्या हातात दिले. डोळे मिटायला लावले आणि तिन्ही कान दहा दहा वेळा फिरवून घेतले. वाढवा. कमी करा. मधला वाढवा. त्यांचे डोळे मिटलेले होते तरी पाणी येत होतं. मी म्हटलं, रडू नका, लक्ष द्या. मग त्यांच्या बायकोला खाली उतरायला सांगितलं. साहेबांच्या हाताला काही झालं तर मागं बसणाऱ्या माणसाला पण आलं पाहिजे. त्या बाईंनी न चुकता दहा वेळा केलं.

साहेब म्हणाले, "परवा तर तुम्ही स्क्रीनवाला म्हणत होता."

"म्हणत होतो. मला कळलं नव्हतं. हा माझ्या बायकोनं निवडलाय, बर्फात घालून बघून. तिचं बरोबर आहे."

हे मी मोठ्यानं बोललो. घरासमोरच्या सगळ्यांना ऐकू गेलं असेल.

गाडी टेम्पोत चढवून दोऱ्या आवळल्या. ते गेले. सावडायला जायचं होतं, माणसं माझ्यासाठी थांबली होती. मी साबणानं हात धुतले, शर्ट बदलला आणि त्यांच्याबरोबर निघालो.