कमरेचा पट्टा

आमचे शेजारी शिवणकाम करतात. भाजी घेण्यापूर्वी ते तराजू रिकामा करायला लावतात. कॅम्प तीन या वस्तीतील एका जीन्सच्या कारखान्याने चाचणी म्हणून त्यांच्याकडून पँट शिवून घेतली आणि नोकरी नाकारली. पुढे तीच पँट त्यांना बाजारात टांगलेली दिसली. तरीही दुसरीकडे काम मिळेना, म्हणून वर्षभराने ते पुन्हा तेथेच गेले. मी सोबत होतो.

शेठ म्हणाले, "पहले ट्रायल दे, मास्टर."

त्यांनी सुबक पँट शिवली. कमरेचा पट्टा मात्र जोडला नाही.

"पट्टा किधर?"

"कामावर घ्या शेठ, लगेच जोडतो."

शेठ मोठ्याने हसले. "चालाक है! कल से आजा."

रस्त्यावर मी त्यांचे अभिनंदन केले. त्यांनी खिसा चाचपला.

"उद्या मशीनवर बसू दे, सर. तोवर पट्टा माझ्याकडेच आहे."