सोमवारचं पीठ

पिठाला माझ्या मोठ्या मामांइतका भ्यायलेला माणूस वर्ध्याजवळच्या आमच्या अख्ख्या सेलूत दुसरा झाला नसेल. वडील गेल्यावर आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन त्यांच्याच दारी आली. ज्वारीची भाकर आणि मामांच्या वाडीतली, बाजारातून परत आलेली किडकी वांगी, यावर आम्ही वाढलो. मला कॉलेजात घातलं तेही मामांनीच.

त्या वर्षांत आमच्याकडे जो तो सोयाबीन पेरू लागला होता. ताकद येते म्हणून बाया गव्हात ओंजळभर सोयाबीन टाकून दळून आणायच्या. तशी पोळी खाल्ली की मामांचे ओठ सुजायचे, गळा आवळायचा. तेव्हापासून चक्की उघडायच्या आधीच मामा डबा घेऊन पायरीवर हजर. कुणी पुढे असलंच, तर आधी मूठभर ज्वारी दळून घ्यायचे आणि ते पीठ शेजारच्या बकरीला घालायचे. बकरी माजली होती. लग्नातही मामा धोतराच्या सोग्यात स्वतःची भाकर बांधून जायचे, वरपक्ष रुसायचा.

"मामाजी, पिठाचं सोवळं पाळून राह्यले का?" चक्कीवाला हसायचा.

"हसून घे बाबू. चक्कीचं तोंड धुतल्याबिगर माया घास त्यात पडत नाई."

मी बी.एस्सी. झाले. घराण्यातली पहिली. मामांचा हा नुसता वहम आहे, ओठ भीतीनंच सुजतात, हे मला पुस्तकाशिवायच कळलं होतं. निकालाचे पेढे वाटले त्या दिवशी मी न सांगता कणकेत मूठभर सोयाबीनचं पीठ मिसळलं. खाऊन पचलं की सांगायचं, असं ठरवलं होतं.

दुसऱ्याच घासाला मामांच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. शेजाऱ्याच्या जीपमधून वर्ध्याला नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, "बाकीच्यांना सोयाबीन चांगलंच आहे. यांना मात्र चिमूटभरही जिवावर बेतेल." मी रडत रडत सगळं कबूल केलं.

आवाज फुटल्यावर मामा एवढंच बोलले, "डिगरी तुयी खरी हाये, पोरी. पन गळा माया होता. मले इचारतं ना."

परत आल्यावर मी चक्कीवाल्याकडे गेले आणि माझी मूठ त्यालाही सांगितली. त्या दिवशी तो हसला नाही. रविवारी रात्री चक्की झाडून पुसून ठेवायची आणि सोमवारी मामांच्या दळणासाठी सोयाबीन घ्यायचंच नाही, असं त्यानं कबूल केलं. तशी पाटी मी रंगवली.

मामा नंतर पुष्कळ जगले, म्हातारे होऊन गेले. बकरीही गेली. पाटीवरचं माझं अक्षर आता फिकट झालंय, पण त्या चक्कीत सोमवारी अजूनही सोयाबीन दळत नाहीत.