डाव्या कानाचा मोर

२००६ च्या मे महिन्यात वसमतच्या आमच्या दुकानात सोन्याची एक बुगडी उलटी तयार झाली. ज्या मुलीच्या कानात ती जायची होती, तिचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं.

बुगडी कानाच्या वरच्या पाळीत घालतात. या बुगडीवर नखाएवढा मोर होता. गिऱ्हाईक सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची बाई; घरी शेती आणि मेंढरं. जोडी तिच्या आईची होती, माझ्या आजोबांनी घडवलेली, आणि आईने ती नातीच्या लग्नासाठी म्हणून सांगून ठेवली होती. मेंढरं कातरण्याच्या गडबडीत डाव्या कानातली पडली आणि सापडली नाही. उजवी घेऊन ती दोन एसटी बदलून आमच्याकडे आली होती.

वडिलांनी सोपा मार्ग सांगितला. उरलेली वितळवून दोन्ही नव्या करू.

"माझ्या मायचा मोर आगीत घालता व्हय, मामा?" ती म्हणाली. "ह्याला जोडीदार करून द्या. होत नसंल तर तसं सांगा, मी गाडी धरते."

वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दोन वर्षांपासून त्यांनी नक्षीचं काम घेतलं नव्हतं. तुटलेलं डाक लावून जोडणं आणि पॉलिश एवढंच चाले. मी औरंगाबादहून कॉम्प्युटरवर दागिन्यांचं डिझाइन करण्याचा सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते. मी म्हटलं, होईल.

बुगडी दुकानात ठेवून जायला बाई तयार नव्हती. "एक हरवली. दुसरी नजरेआड करणार न्हाई." ती समोर बसली. मी मापं घेतली, फोटो काढले. तिने बुगडी परत कानात घातली आणि गेली. डिझाइनची सीडी कुरिअरने मुंबईला गेली, तिथल्या मशीनवर मेणाचा मोर तयार होऊन आला, नांदेडच्या ओताऱ्याने त्यावरून साचा करून तो सोन्यात ओतला. सगळं मिळून अठरा दिवस लागले. वडिलांनी कानस फिरवून पॉलिश केलं.

बाई लेकीला घेऊन आली. लेकीच्या कानात दोन्ही बुगड्या घालून तिने आरसा समोर धरला. उजवा मोर चेहऱ्याकडे पाहत होता. डावा मानेकडे.

"मामा, ह्यो काहून पाठ दाखवून राहिला? रुसला का काय?"

"सासरचा असंल," लेक म्हणाली. आई हसली नाही.

चूक माझी होती. उजव्या कानाची बुगडी मोजून मी तशीच दुसरी काढली होती, म्हणजे दुसरी उजवीच. वडील बाईला म्हणाले, "जोडी समोरासमोर ठेवून करत असतेत, आक्का. ही दोघं आज पहिल्यांदा भेटली."

कॉम्प्युटरवर मोराचं तोंड दुसऱ्या बाजूला फिरवायला एक मिनिटही लागलं नाही. पण मुंबईची फेरी नऊ दिवसांत बसत नव्हती. ओतारी दोन दिवसांत ओतून देणार होता. मेणाचा मोर कुठून आणायचा, एवढाच प्रश्न होता.

"मेण मी कोरतो," वडील म्हणाले.

"दिसंल का तुम्हाला?"

"तू मोठं काढून दे."

मग ते बाईकडे वळले. "आता ही ठेवावी लागंल, आक्का."

बाईने लेकीकडे पाहिलं. तिच्या कानातली जुनी बुगडी काढून वडिलांच्या तळहातावर ठेवली. "बराबर सांभाळा."

फिरवलेल्या मोराचा वहीच्या पानाएवढा प्रिंट काढून मी भिंतीला चिकटवला आणि पिसांना एक ते चौदा आकडे घातले. उन्हाने मेण मऊ पडे, म्हणून वडील सकाळी सहा ते नऊ उंबऱ्यात बसत. शेजारी माठाच्या पाण्याची वाटी; मेण त्यात बुडवायचं, कोरायचं, परत बुडवायचं. मी पिसाचा आकडा वाचायचे, ते जुन्या बुगडीवर नख फिरवून ते पीस शोधायचे. दुसऱ्या दिवशी मोराची मान तुटली. त्यांनी नवं मेण घेतलं.

जुन्या मोराची तीन पिसं झिजून सपाट झाली होती. माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये ती सपाटच होती, कारण माप तसं आलं होतं. वडिलांनी मेणात ती उठावदार कोरली.

"जुन्याशी जुळणार नाहीत," मी म्हटलं.

"ओतून आल्यावर घासू. झीज घासूनच आली पाहिजे."

चौथ्या सकाळी मोर पुरा झाला. पाचव्या दिवशी पहिल्या गाडीने मी तो स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यावर ठेवून नांदेडला नेला. उलट्या बुगडीचंच सोनं वितळवून त्याच्या साच्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच घेऊन आले. वडिलांनी तीन पिसं घासायला अख्खा दिवस घेतला. या वेळी जुनी बुगडी समोर होती.

लग्नाला दोन दिवस असताना बाई एकटीच आली. दोन्ही बुगड्या स्वतःच्या कानात घालून आरशात बराच वेळ मान इकडून तिकडे फिरवत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "आता दोघं संगं निघाले."

बुगड्या न काढताच तिने पदर घेतला आणि हिंगोलीची गाडी गाठली.

जूनमध्ये लग्नाचा एक फोटो दुकानात आला. त्यात मुलीचा उजवा कान दिसतो. डावा पदराखाली आहे.