माइकवर तारलेले बाबा

पांडेसऱ्याच्या मिलवस्तीत आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. बाबा कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीवर. आई घरी साड्यांवर खडे चिकटवायची. गोंदाच्या वासाने तिचं डोकं कायम दुखायचं. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणतात. मिलच्या गेटाजवळच्या टपरीमागे दारूची पोटली, प्लास्टिकची छोटी पिशवी, सरळ मिळायची. पाळी सुटली की बाबा आधी तिथे जायचे, मग घरी, आणि घरी आले की आईला मारायचे. आम्ही नवापूरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. भिंतीवर क्रूस होता. त्याच्याखालीच मारायचे.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी ताठ मानेने सांगते. त्या वर्षी उधन्यात बाहेरगावच्या प्रचारकांची सभा झाली. येशूला स्वीकारणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर बाबांनी हात वर केला, पुढे गेले, ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं, मी शेजारी उभी होते. पुढे काही आठवडे ते पोटलीकडे फिरकले नाहीत.

अशा माणसाला सांभाळायचं, शिकवायचं असतं. या प्रचारकांनी बाबांना पांढरा शर्ट घालून गाडीत बसवलं. आज बारडोली, उद्या कामरेज. "ब्रदर, गवाही दो!" बाबा पाळ्या बुडवून साक्ष द्यायला, आपण कसे बदललो ते सभेत सांगायला जायचे. बायबल उघडून त्यांच्यासोबत कोणी बसलं नाही, हातात माइक मात्र लगेच दिला. टाळ्या वाढल्या, तशी साक्षही वाढत गेली.

कामरेजला आई आणि मी पहिल्या रांगेत होतो. बाबा म्हणाले, "मी माझ्या बायकोला लोखंडी सळईने मारायचो!" लोक "हालेलूया" ओरडले आणि माना वळवून आईकडे बघायला लागले. आईने पदर तोंडावर ओढला.

येताना गाडीत तिने सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, सळई कधी आली आपल्या घरात? हातानेच मारत होता ना? ते कमी पडलं का सांगायला?"

पुढच्या सीटवरचा प्रचारक हसला. "सिस्टर, साक्ष जरा जोरदार लागते."

"मग तुम्हीच दोन रट्टे खाऊन बघा," आई म्हणाली, "आणि सांगा जोरदार."

बायकोची माफी मागितली का, हे त्या गाडीतल्या एकानेही बाबांना विचारलं नाही. मला आजही संताप येतो तो याचा.

बाबा पुन्हा प्यायला लागले. प्रचारकांपर्यंत बातमी पोचली, आणि गाडी यायची बंद झाली. मी त्या प्रचारकाला फोन केला. तो म्हणाला, "सिस्टर, आपलं काम बी पेरायचं. वाढवणारा देव आहे."

"देवावर ढकलू नका," मी म्हणाले. "शेतात पेरणारा दुसऱ्या दिवशी बघायला तरी येतो. येशूने शिष्य करा सांगितलं. तुम्ही फोटो काढलेत."

त्याने फोन ठेवला. बरं झालं, माझ्या तोंडात अजून बरंच होतं.

आमच्या छोट्या मराठी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एक म्हातारे काका होते. मी त्यांच्यापुढे रडले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "बापाची पाळी कधी सुटते?" दुसऱ्या दिवसापासून ते मिलच्या गेटावर उभे. बाबा बाहेर आले की त्यांचा हात धरून टपरीसमोरून चालत घरी आणायचे. बाबा चिडायचे. "काका, मी काय लहान पोरगं आहे?"

"लहान पोरगं बरं," काका म्हणायचे, "ते सांगितलेलं ऐकतं. चल."

घरी आले की चहा, मग बायबलमधल्या शुभवर्तमानाचा एक तुकडा. बाबांना वाचता यायचं नाही, वाचायची मी. काका विचारायचे, "यातलं आज काय करशील?" 'काय वाटलं' असं त्यांनी कधी विचारलं नाही. आणि ताकीद दिली होती, "साक्ष द्यायची नाही. बायकोशी सरळ बोलायला शीक आधी."

मधे बाबा दोनदा घसरले. काका दुसऱ्या दिवशी गेटावर होतेच.

तारण देवाच्या कृपेने होतं, हे मलाही ठाऊक आहे; ते कोणी चालून कमावत नाही. पण ज्याला मिळालं तो चालायला लागतो, आणि नव्याने चालणाऱ्याला सोबत लागते. हात वर करवून निघून जाणाऱ्यांना मी प्रचारक म्हणत नाही. ते गर्दी जमवणारे.

एका रविवारी चहा पिताना बाबा आईला म्हणाले, "मी तुला मारलं. कारण काही नव्हतं. मला माफ कर." आईने लगेच माफ केलं नाही. "बघते," म्हणाली. बरेच महिने बघितलं, मग केलं.

आता बाबा पीत नाहीत, आईवर हात उचलत नाहीत, आणि येशूच्या मागे चालतात. मी बी.कॉम. झाले.